बाळंतपण कुणाच्या खात्यावर?

पहिल्या भेटीला माझ्या अशील मुलीचे वडील साखर कारखान्याची डायरी घेऊन आले होते. सभासदांना दरवर्षी वाटतात तसली. एरवी त्या डायरीत उसाला तोड कधी आली, खताची पोती किती आणली, सोसायटीचा हप्ता कधी भरला, एवढंच असायचं. मार्चपासून पुढच्या पानांवर मात्र पोरीचं बाळंतपण होतं. सोनोग्राफी १,२००. रिक्षा ३००. लोहाच्या गोळ्या १८०. मी विचारलं, हे कशासाठी लिहून ठेवलंत? म्हणाले, “सवय हाय मॅडम. मागायचं म्हणून न्हाई लिवलं.”

हे प्रकरण पुढे सगळं त्या डायरीवर चाललं. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलंय, काही तपशील बदललेत आणि कुणाचंच नाव घेतलेलं नाही. मी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरची वकील. १९८७ च्या कायद्याने बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून हे कुटुंब माझ्याकडे आलं. ते आलं ऑक्टोबरमध्ये आणि बाळ झालं होतं जुलैमध्ये. हा तीन महिन्यांचा उशीर लक्षात ठेवा.

घडलं ते

मुलगी पन्हाळा तालुक्यातली, केर्लीच्या पलीकडच्या गावची. नवरा शिरोली एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर, हातात २८,००० पगार. घर उचगावात. ती गांधीनगरच्या एका कपड्याच्या दुकानात ९,००० वर काम करायची, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. लग्न मे महिन्यात झालं आणि दिवाळीच्या सुमाराला दिवस राहिले.

नवऱ्याच्या डोक्यात फ्लॅटचं बुकिंग होतं आणि त्यासाठी सासऱ्याकडून दोन लाख. मार्चमध्ये एका रात्री त्यावरून भांडण झालं, थोबाडीत बसली, ढकलाढकल झाली. सकाळी सासूने बॅग भरून दारात ठेवली. “पहिलं बाळंतपण म्हायेरालाच असतंय. आत्ताच जा, जरा इसावा मिळंल.” नवऱ्याने एसटीत बसवून दिलं. तिला तेव्हा चौथा महिना संपत आला होता.

घर सुटलं तसं कामही सुटलं. त्या गावातून रोज गांधीनगरला येणं तिच्या तब्येतीला झेपण्यासारखं नव्हतं. दुकानात सहा माणसं, म्हणजे पगारी प्रसूती रजेचा कायदा त्या दुकानाला लागू नाही. तो दहा किंवा जास्त कामगारांच्या दुकानापासून सुरू होतो. गांधीनगरच्या बहुतेक पोरींचं बाळंतपण असंच कायद्याच्या बाहेर पडतं, पण तो वेगळा विषय.

सातव्या महिन्यात माहेरीच डोहाळजेवण झालं. सासरचं कुणी ओटी भरायला आलं नाही. जूनमध्ये पाय सुजायला लागले, बीपी वाढलं. जुलैच्या शेवटी पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं आणि कोल्हापूरची वाट बंद झाली. ठरलं होतं सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, जमलं नाही. बीपी वर गेल्यावर रात्री वारणेच्या बाजूला एक खासगी हॉस्पिटल गाठलं. सिझेरियन झालं. मुलगी, वजन दोन किलोच्या थोडं वर, पाच दिवस काचेच्या पेटीत. नवऱ्याला फोन केला तर म्हणाला, “पाणी उतरल्यावर येतो.” पाणी आठवड्यात उतरलं.

वाट बघण्याचे महिने

मी मुलीच्या आईला विचारलं, मार्चमध्येच का आला नाहीत? ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की वकील होऊन एवढंही कळत नाही? “पोटात पोर असताना कोर्टाची पायरी कोण चढतंय वो? बाळ झालं की येतील, असं वाटलं.” आधी डोहाळजेवणाला येतील म्हणून थांबले, मग बाळाचं तोंड बघायला, मग बारशाला. बारसं दोनदा पुढं ढकललं. शेवटी आत्या नसताना मावशीनेच नाव ठेवलं.

माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ कुटुंबं हेच करतात. बाळ हाच समेट, अशी आशा असते आणि ती नेहमीच खोटी ठरते असंही नाही. कायद्याचं घड्याळ मात्र या आशेसाठी थांबत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. त्याआधी वेगवेगळी न्यायालयं वेगवेगळ्या तारखा धरत. कुणी हुकमाची तारीख धरे, कुणी नोटीस पोचल्याची. त्या मानाने हा निकाल बायकांच्या बाजूचा आहे, आणि रोजच्या कामात मला त्याचा फायदाच होतो. पण याच नियमाची दुसरी बाजू अशी, की अर्जाच्या आधीचे महिने पोटगीत येत नाहीत. मार्चमध्ये अर्ज झाला असता तर बायको म्हणून तिला गरोदरपणाच्या पुढच्या प्रत्येक महिन्याची पोटगी मागता आली असती. त्यासाठी पोटातल्या जिवाला ‘मूल’ ठरवायची काहीच गरज नव्हती. तिचं पोट, तिचं बीपी, तिची औषधं, आणि ती बायको. अर्ज ऑक्टोबरमध्ये झाला, म्हणून पोटगीला बाळंतपण दिसतच नव्हतं.

गंमत बघा. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २० प्रमाणे बाप वारला तेव्हा गर्भात असलेलं बाळ पुढे जिवंत जन्मलं, तर उसाच्या रानात त्याचा वाटा आधी जन्मलेल्या भावंडांइतकाच पक्का. त्याच बाळाच्या सोनोग्राफीच्या बिलाला मात्र पोटगीच्या कायद्यात रकाना नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं आपलं जुनं १२५, बायको, मुलं आणि आईवडील यांच्याबद्दल बोलतं. औरस असो वा अनौरस, मूल त्यात येतं, पण जन्मल्यावर.

डायरीची बेरीज

रविवारी माझ्या घरच्या डायनिंग टेबलावर आम्ही डायरी आणि पावत्यांची पिशवी घेऊन बसलो. तपासण्या आणि सोनोग्राफी ११,४००. औषधं ९,१५०. गाडीभाडं ४,३००. सिझेरियन आणि खोली ५८,०००. बाळाची पेटी ३१,०००. डिंक, खारीक, तूप, मेथी ७,६००. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई, रोजचे दीडशे, चाळीस दिवस, ६,०००. एकूण १,२७,४५०. यातल्या १,०४,००० च्या पावत्या होत्या. बाकी २३,४५० फक्त डायरीत. न्हाऊ घालणारी मावशी पावती देत नाही, आणि रात्री अकराला गाडी काढणाऱ्या शेजाऱ्याकडे ती मागायचीही नसते. मार्च ते जुलै बुडालेला पगार चार महिन्यांचा, ३६,०००.

हे मागायचं कुठून? कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५. कलम २० मध्ये पोटगी आहेच, पण तिच्याआधी वेगळी नावं आहेत, त्यातली पहिली दोन बुडालेली कमाई आणि वैद्यकीय खर्च. झालेला खर्च आणि झालेलं नुकसान म्हणून ते मागता येतं, त्यामुळे अर्जाच्या तारखेची अडचण येत नाही. अट मात्र एक आहे आणि ती कडक आहे: हे सगळं हिंसाचारामुळे झालेलं हवं. बाळंतपण हिंसाचारामुळे होत नाही. सामनेवाल्यांचे, म्हणजे नवऱ्याच्या बाजूचे वकील हेच म्हणणार, हे मला अर्ज लिहितानाच दिसत होतं.

वाट काढली ती कलम ३ मधून. त्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे. कायद्याने किंवा रूढीने बाईला मिळायला हवा तो पैसा, किंवा तिला गरजेपोटी लागणारा पैसा अडवणं हाही हिंसाचार. गरोदर बाईला औषधपाण्याचा पैसा न देणं यात बसतं. ‘रूढीने’ हा शब्द मी तेव्हा नुसता वाचून पुढे गेले. तोच नंतर कामी आला.

सगळं एकाच अर्जात घातलं. पोटगीसाठी वेगळ्या न्यायालयात वेगळा अर्ज करता आला असता. पण अडीच महिन्यांचं बाळ घेऊन तिला कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात दोन-दोन तारखांना उभं करायचं माझ्या जिवावर आलं.

सामनेवाल्यांचं म्हणणं

त्यांनी म्हणणं दाखल केलं त्यात पहिलाच मुद्दा रितीचा होता. आमच्या समाजात पहिलं बाळंतपण माहेरचं. तो खर्च सासऱ्यांनी आनंदाने केला. आता घरात बेबनाव झाला म्हणून त्याचं बिल जावयाला पाठवता येत नाही. खरं सांगायचं तर हा मुद्दा वाचून तिचे वडील गप्प झाले. “त्येबी खरंच हाय की,” एवढंच म्हणाले. थोरल्या मुलीचं बाळंतपण त्यांनी असंच केलं होतं, कुणाकडे एक पैसा मागितला नव्हता.

बाकीचे मुद्दे नेहमीचे. खर्च बापाने केला, अर्जदाराने नाही. सरकारी दवाखान्यात सिझेरियनसुद्धा फुकट असताना खासगीत का गेलात? हे अर्धं खरं आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, आजारी नवजात बाळाचे उपचार, गाडी, सगळं मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेच्या मोफत तपासणीला ती तीनदा गेलीही होती, आरोग्य केंद्राच्या कार्डावर नोंदी आहेत. उत्तरात मी त्या आठवड्यातल्या पुराच्या बातम्यांची कात्रणं लावली. केर्लीच्या पाण्यावर कोल्हापुरात कुणी वाद घालत नाही.

आणि एक वाक्य अगदी शेवटी, जाता जाता टाकलेलं: मुलीच्या पितृत्वाबद्दल सामनेवाल्यास खात्री नाही. ते वाचून ती रडली नाही, चिडली. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, असं भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ सांगतं. ते खोडायचं तर त्या काळात नवरा-बायकोची गाठच पडू शकत नव्हती हे सिद्ध करावं लागतं. दोघं उचगावात दहा बाय बाराच्या खोलीत राहत होती. तो मुद्दा त्यांनी पुढे कधी काढला नाही. पण तिच्या मनातून तो गेलेला नाही, आणि नांदायला परत जायचं नाही हे तिने त्या दिवशी ठरवलं.

अमेरिकेतला वाद आणि आपली गाठ

याच काळात ऑफिसातल्या एका ज्युनिअरने मला विचारलं, “मॅडम, अमेरिकेत तर पोटात असल्यापासून बापाला पैसे द्यावे लागतात ना?” काही ठिकाणी, होय. युटा राज्याने २०२१ मध्ये कायदा केला, की गरोदरपणातला विम्याचा हप्ता आणि दवाखान्याचा खर्च यांचा निम्मा भार जन्मदात्या बापाने उचलायचा. जॉर्जियाने २०१९ च्या गर्भपातविरोधी कायद्यातच गरोदरपणाचा वैद्यकीय खर्च मुलाच्या पोटगीत घातला. केंटकीच्या सिनेटने २०२४ मध्ये विधेयक मंजूर केलं, त्यात जन्मानंतर वर्षभरात मागणी केली तर गरोदरपणापर्यंत मागे जाऊन पोटगी लावण्याची तरतूद होती. २०२२ मध्ये सिनेटर केव्हिन क्रेमर यांनी तसंच विधेयक देशपातळीवर मांडलं.

तिथे भांडण पैशावरून कमी आणि शब्दावरून जास्त आहे. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. त्यानंतर गर्भाला ‘मूल’ म्हणणारा प्रत्येक कायदा हा गर्भपातबंदीचा पाया आहे, असा संशय एका बाजूला आहे. दुसरी बाजू म्हणते, बाप जबाबदार आहे तर पहिल्या दिवसापासून का नको? आणखी एक भीती अशी, की मारकुट्या माणसाला या पैशाच्या दोरीने बाईच्या गरोदरपणात हात घालायला वाव मिळेल. ही भीती मला अजिबात परकी वाटत नाही. पैसे देणारा माणूस उद्या म्हणणार, कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते मी ठरवणार. आणि आपल्या जिल्ह्यात ‘कुठल्या डॉक्टरकडे’ या प्रश्नाचा इतिहास चांगला नाही. गर्भलिंगनिदान रोखायला सोनोग्राफी यंत्रांना सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे तपासणीवर नजर ठेवणारं उपकरण, बसवायची वेळ आली ती याच कोल्हापुरात.

केंटकीची कल्पना, म्हणजे जन्मानंतर वर्षभरात मागणी करून मागचा खर्च घेण्याची सोय, मला आपल्याकडे हवी आहे. तिला गर्भाच्या हक्काचं नाव द्यायची मात्र गरज नाही. बाईच्या झालेल्या खर्चाची भरपाई, एवढं पुरे. आमच्या या पोरीला तेवढंच हवं होतं.

जिचं लग्नच झालेलं नाही आणि जी त्या माणसाबरोबर एका घरात राहिलेलीही नाही, तिची गोष्ट वेगळी. कलम १४४ साठी ती बायको नाही, हिंसाचाराच्या कायद्यासाठी एका छपराखालचं नातं नाही, आणि मूल जन्मलेलं नाही. नऊ महिने तिला दारच नाही. तो माणूस ‘माझं नाही’ म्हणाला तर डीएनए जन्मानंतरच, कारण गर्भावरच्या तपासण्यांना १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने ठरावीक आजार आणि व्यंग शोधण्यापुरतीच परवानगी आहे, पितृत्व त्यात नाही. तिच्यासाठी अमेरिकेतला प्रश्न आपल्यालाही सोडवावा लागेल, आणि तेव्हा माझं वरचं सोपं उत्तर पुरणार नाही हे मला मान्य आहे.

कार्डावरची तारीख

अंतरिम सुनावणीत सामनेवाल्यांच्या वकिलांनी रीत रंगवून सांगितली. मी उत्तर द्यायला उभी राहणार तेवढ्यात न्यायाधीशांनीच त्यांना विचारलं, “माहेरी पाठवलं तेव्हा कितवा महिना होता?” वकिलांनी मागे वळून नवऱ्याच्या आईकडे बघितलं. ती म्हणाली, सातवा असंल.

माझ्या फाईलमध्ये माता-बाल कार्ड होतं. गावच्या आरोग्य केंद्रात तिची नव्याने नोंद झाली ती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, आशाताईंच्या अक्षरात, १७ आठवडे. पहिलटकरणीला सातव्या महिन्यात, ओटी भरून, खणानारळानं माहेरी धाडतात. चौथ्यात बॅग भरून एसटीत बसवत नाहीत. रितीचा आधार घ्यायचा तर रीत पूर्ण घ्यावी लागते: सासरची ओटी, बाळ बघायला येणं, बाळंतविडा, बारशाला आत्या. यातलं काही झालं नव्हतं. रूढीने जे मिळायला हवं ते अडवलं, हे मी अर्जात न लिहिलेलं वाक्य त्या दिवशी तोंडी मांडलं. डोहाळजेवणाचे फोटो दाखवले. त्यात सासरचं एकही माणूस नाही.

अंतरिम हुकूम झाला: अर्जाच्या तारखेपासून दरमहा ७,०००, तिचे ४,५०० आणि मुलीचे २,५००. बाळंतपणाच्या खर्चाला पुरावा लागेल, पण तडजोडीची शक्यता दिसते म्हणून प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. कायदा म्हणतो, पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. या हुकमापर्यंतच आम्हाला सात महिने लागले होते. बाळ तोवर रांगत होतं.

मध्यस्थीत नवऱ्याने पावत्यांच्या रकमेचा अर्धा वाटा देऊ केला, ५२,०००. मला तो बरा वाटला. युटाचा कायदा तरी अर्ध्यापलीकडे कुठं जातो, असंही मनात आलं. तिच्या वडिलांनी मान हलवली. “अर्धं कसलं? रीत पाळली असती तर सगळं माझं हुतं, एक रुपया मागितला नसता. न्हाई पाळली, तर सगळं त्येचं.” पावत्यांच्या जोरावर मी वर्षानुवर्षं वकिली करते, पण हा हिशेब मला सुचला नव्हता.

तीन बैठका झाल्या. “आम्ही हायकोर्टात जाऊ” हेही ऐकवून झालं. पूर्वी ही मुंबईची धमकी असायची आणि खेड्यातली माणसं तिला घाबरायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, तेव्हा वडील म्हणाले, “जावा की, सीपीआरच्या समोरच तर हाय.” शेवटी पावत्यांचे पूर्ण १,०४,००० कबूल झाले, २६,००० चे चार हप्ते. डायरीतले २३,४५० सोडले. सोडायचा सल्ला माझाच होता आणि अजूनही तो मला टोचतो, कारण त्यात त्या न्हाऊ घालणाऱ्या मावशीचे सहा हजार आहेत, आणि तो खर्च झाला याबद्दल समोरच्यांनाही शंका नव्हती. बुडालेल्या पगाराचा मुद्दा तडजोडीत बसला नाही, तो अर्जात उघडा ठेवलाय.

दोन हप्ते वेळेवर आले. तिसरा चुकला. कलम २० मध्येच मालकाला थेट पगारातून रक्कम वळती करायला सांगण्याची सोय आहे, तसा अर्ज मी गेल्या आठवड्यात दिला. कंपनीचं नाव बघून नवऱ्याच्या वकिलांचा त्याच संध्याकाळी फोन आला, महिनाअखेरीला भरतो म्हणाले. ती आता गावातच शिलाईचं काम करते. वडिलांनी नवी डायरी घेतलीय. आलेले दोन हप्ते त्यांनी उसाच्या बिलाच्या पानावर जमेला मांडलेत, आणि तिसऱ्यापुढे तारीख घालून जागा मोकळी ठेवलीय.